अन्नपूर्णाच्या हळदीची ओवी

माझ्या धाकट्या लेकीची, अन्नपूर्णाची सुपारी फुटली त्या दिवशी आम्हाला कळलं, की तिच्या आईच्या ओवीची चाल गेली. माणूस आधीच्या श्रावणात तापाने गेलं होतं. तिच्यामागे चालही गेली, हे कळायला माघ उजाडला.

पाहुणे साखरखेर्ड्याचे, लांबचे. ते जेवून निघाले आणि घरच्या बायका ओट्यावर सुपं घेऊन बसल्या. माझी थोरली बहीण रुखमाबाई लग्नासाठी आधीच येऊन राहिली होती. ती म्हणाली, "चला व बायाहो, भावजयीची ओवी उचला. पोरीच्या हळदीले तेच म्हनाची हाय."

ओवी सगळ्यांना पाठ होती.

मळ्याच्या मेरेवर
पिवळा फुलला झेंडू
लेकीच्या हळदीले
कोनाले बलावनं धाडू

बायकांनी उचलली, पण ती आमच्या गावात सगळ्या ओव्या म्हणतात त्या चालीवर गेली. रुखमाबाईने हात वर केला. "हे नाई व. तिची येगळी होती."

पुन्हा उचलली, पुन्हा तीच. एकीने वेगळी म्हणून पाहिली तर ती पाळण्याची निघाली. बायका हसायला लागल्या. अन्नपूर्णा हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमाले तं येत असन. साऱ्या गावाच्या भजनाले चाली तुमीच लावता."

मलाही येत नव्हती.

मी पुंजाजी माळी. वरवट बकालला आमचा मळा आहे. वांगी, मिरची, कांदा. दिवसा मोट हाकायची आणि राहिलेल्या वेळात वाद्यं करायची, असं माझं आयुष्य गेलं. एकतारी, वीणा, तुणतुणं, जे कोणी मागेल ते. कडू भोपळा वेलावरच वाळू द्यायचा, बिया खुळखुळायला लागल्या की उतरवायचा, तोंड कापून आतला गर खरवडायचा, कातडं ओलं असताना ताणून बसवायचं. चाली मी मोटेवर बांधतो. बैल धावेच्या उतारावरून उतरतात तेव्हा मोटेचा नाडा ताणतो आणि चाक ओरडतं, परत मागे येताना सगळं सैल होतं. त्या ताणण्यात आणि सैल होण्यात भजनाची एक ओळ बरोबर बसते. न बसली तर ओळ चुकीची, असं मी मानतो.

अन्नपूर्णाच्या आईचं नाव सुभद्रा. मी ते तिच्या हयातीत तोंडाने घेतलं नाही. भोपळे तीच निवडायची. टिचकी मारून कान लावायची आणि म्हणायची, "हा वाजन. हा वाजत नाई, याच्यात बी ठेवा." तिचं कधी चुकलं नाही.

तिने स्वतः एकच चाल बांधली. थोरल्या दोघींची लग्नं झाली होती, धाकटी तेवढी राहिली होती, तेव्हा दळताना केव्हातरी ती तयार झाली. मी विचारलं तर म्हणाली, "हे भजनाले देनार नाई. अन्नपूर्णाच्या हळदीले काढीन." मग गावात इंजिनाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि तिलाही ती चाल म्हणायचं कारण उरलं नाही.

अन्नपूर्णाने त्याच संध्याकाळी मला सांगितलं, "बाबा, तुमी काई करा. आईची चाल नसन तं मी हळदीले पाटावर बसत नाई."

"असं कसं म्हनतं व? पाहुने काय म्हनतीन?"

"पाहुन्याइले सांगा, नवरी रुसली."

आईसारखीच आहे. लग्न वैशाखात होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोटेवर बसून आठवायला लागलो. पहाटे अंगणात तोंड धुताना भिंतीपलीकडून पहिली ओळ यायची, ती थोडी हाती लागली. बाकीची मी जुळवली. तुणतुण्यावर वाजवून पाहिली, छान बसली. संध्याकाळी सगळ्या बायकांना बोलावून ऐकवली. भजनी मंडळाचा शेषराव माझा लहानपणापासूनचा सोबती, तोही येऊन बसला.

शेषराव मान डोलवून म्हणाला, "वा बे पुंजा! एकादशीले हेच घेऊ."

रुखमाबाई म्हणाली, "घे ना, खुशाल घे. भजनच हाय ते. हे सुभद्रेचं नाई, हे मोटेचं हाय. तिच्या ओवीत बैल कोठून आले?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं, कारण ती खरंच बोलली होती. माझ्या सगळ्या चालींत बैल असतात.

मग रुखमाबाईनेच ते नाव काढलं. "तिच्यासंगं जात्यावर कोन बसे? झुंबर बसे. झुंबरले इचार."

पण झुंबरवहिनीला विचारणं सोपं नव्हतं.

झुंबरबाई म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. तिचं घर आमच्या कुंपणाला लागून. तिच्या जात्याची खालची तळी तडकली तेव्हापासून ती दळायला आमच्याकडे यायची. दोघी समोरासमोर बसायच्या, एक खुंटा दोघींच्या हातात. पुढे एका वर्षी तिच्या भोपळ्याचा वेल कुंपणावरून आमच्या बाजूला उतरला आणि त्याला एक भोपळा लागला, असा गोल, की मी आजवर तसा पाहिला नाही. अन्नपूर्णाच्या आईने टिचकी मारली, कान लावला आणि काही न बोलता उतरवून घेतला. त्याची मी वीणा केली. तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कुठल्याच वीणेला आला नाही. मंडळ तीच वापरत होतं.

झुंबरवहिनी चिडली. भोपळा तिने बियांसाठी राखला होता. दोघींचं बोलणं बंद झालं. पण दळण कोणाला चुकलं? बोलणं बंद झाल्यावरही दोघी रोज एकाच जात्यावर बसत होत्या. जे बोलायचं ते ओवीतून बोलत. अन्नपूर्णाची आई म्हणायची,

शेजारीन बाई माही, भोपळ्यावरून रुसली
पायलीभर जवारी घेऊन, माह्याच घरात घुसली

आणि झुंबरवहिनी खुंटा ओढता ओढता उत्तर द्यायची,

भोपळा माह्या येलाचा, वाजते तुह्या दारी
चोराच्या घरी बाई, भजनाची तयारी

मी अंगणात बसून हसायचो. गिरणी आल्यावर हेही बंद झालं. आजारपणात झुंबरवहिनी येऊन उशाशी बसायची, पेज पाजायची, पण तेव्हाही दोघी एकमेकींशी सरळ बोलल्या नाहीत. "तिले म्हना पेज गरम हाय." "तिले म्हना मले समजते." असं माझ्यामार्फत. तेराव्याला ती सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या आधी उठून गेली. त्यानंतर आमच्या दारात तिचा पाय नव्हता.

मी कुंपणाशी गेलो. ती वाफ्यात मेथी खुडत होती.

"वहिनी, एक काम होतं."

"भाऊजी, वीना आनली काय?"

"कोनती वीना?"

"माह्या भोपळ्याची. मले तिच्यात दोडक्याचं बी ठेवाचं हाय."

"वहिनी, ते मंडळाची हाय. साऱ्या गावाचं भजन चालते तिच्यावर."

"मंग साऱ्या गावालेच इचारा ना ओवीची चाल. माह्याकडे काऊन आले?"

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. आमच्या गावात कुंपणाला कान असतात, आणि झुंबरवहिनीचं कुंपण तर माझ्या ओट्याला लागून.

मी शेषरावाला सांगितलं. तो म्हणाला, "पुंजा, तिच्यात बी ठेवन ते? दोडक्याचं?"

"हाव."

"कमीत कमी तुरीचं तं ठेव म्हना!"

पण पोरगी पाटावर बसायची होती, आणि शेषरावालाही ती लेकीसारखीच. त्यानेच वीणा देवळातून आणून दिली. झुंबरवहिनीने माझ्यासमोरच विळा घेतला, दांडी उपटली, कातडं फाडलं, आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "बरा खरवडला भाऊजी. बी चांगलं राहीन." मग हात पुसून माझ्यासोबत आमच्या घरी आली.

घरात पाऊल टाकताच ती कोपऱ्यातल्या जात्याकडे गेली. त्यावर मिरच्यांची टोपली ठेवलेली होती. तिने ती उचलून खाली ठेवली, थोडी आपटलीच.

"म्हना वहिनी," मी तुणतुणं घेऊन बसलो.

"कशी म्हनू? अशी बसून?"

"काऊन? तोंडानं म्हनाची हाय ना."

"भाऊजी, ते तोंडानं नाई येत. हात फिरला की येते."

अन्नपूर्णा लगबगीने जात्याशी बसली आणि खुंटा फिरवला. जातं गरगर पळालं, दगडावर दगड खडखडला.

"ठेव व पोरी!" झुंबरवहिनी ओरडली. "रिकामं जातं फिरवतं? माय गेली तं तुले कोनी शिकवलं नाई काय? रिकामं जातं दात घालवते अन् चालही घालवते. जवारी आन."

ज्वारी आली. आता समोर कोणीतरी बसायला पाहिजे होतं. अन्नपूर्णाला झुंबरवहिनीने उठवलं, तिचा हात घाईचा. रुखमाबाईच्या गुडघ्यात दुखत होतं. झुंबरवहिनीने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी बसा, भाऊजी."

"मी? जात्यावर?"

"मोट ओढून खांदे तयार हायेत. तिच्यासारखंच जड ओढसान. बसा."

रुखमाबाई म्हणाली, "बस, बस. वरून माहं लुगडंही देतो." ओट्यावर चार बायका जमल्या होत्याच, त्यांची करमणूक झाली. शेषराव दारातून म्हणाला, "पुंजा, दळन झालं की माहंही पायलीभर हाय."

मी बसलो. खुंट्याला हात लावला. दोघांचे हात खालीवर, तिने ओढलं की माझा हात लांब जायचा, मी ओढलं की तिचा. ज्वारी घातल्यावर दगड जड झाला, घरघर एकसारखी झाली. झुंबरवहिनी थोडा वेळ नुसतीच दळत राहिली. मग एकदम उचललं: "पिवळा फुलला झेंडू." आणि थांबली.

"पुढं?"

"पुढं काय? पहिली ओळ ते म्हने, दुसरी मी. तिसरी ते, चौथी मी. तिची मी काऊन ध्यानात ठेवू? आमचं बोलनं बंद होतं!"

सगळे हसले. पण वहिनीची दुसरी ओळ मला कुठल्याच सुरात सापडेना. ती वर चढत होती, पण पायरी-पायरीने नाही. हात लांब जाई तसा सूर ताणत जाई आणि हात जवळ आला की सैल पडे. तुणतुण्याची खुंटी एकदा पिळली की पिळली. त्यावर हे येणार नव्हतं.

मग मला तसं वाद्य करावं लागलं. त्या वेळी लढाई चालू होती, खामगावलाही चांगली तार मिळत नव्हती. पिंजाऱ्याकडून धनुकलीची जुनी तात मागून आणली, आतड्याची, जिने तो कापूस पिंजतो. एका मध्यम भोपळ्याचं बूड कापून कातडं लावलं, तात कातड्याच्या मधून काढून आत गाठ मारली आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची मूठ बांधली. भोपळा काखेत धरायचा, मूठ एका हाताने ओढायची, दुसऱ्याने तात छेडायची. ओढलं की सूर चढतो, सैल सोडलं की उतरतो. भोपळा या वेळी मी स्वतः निवडला होता. टिचकी मारून, कान लावून.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा रुखमाबाई आतून धावत आली. "शेळी कोनाची आली व घरात?"

कातडं जाड होतं. बदललं. तात थोडी घासून बारीक केली, ती तुटली. दुसरी आणली. मग शेळीचा आवाज जाऊन माणसाचा यायला लागला. अन्नपूर्णाने तरी त्याचं नाव शेळीच ठेवलं. "बाबा, शेळी घेऊन या, मोठी आई आली." झुंबरवहिनीला ती मोठी आई म्हणते.

झुंबरवहिनी आता रोज येत होती. गिरणी असूनही आमच्याकडे घरचं पीठ खाणं सुरू झालं. ती दळायची, समोर रुखमाबाईच बसायची, गुडघा विसरून, आणि मी बाजूला बसून झुंबरवहिनीच्या हाताकडे पाहत मूठ ओढायचो. हात लांब गेला की ओढायची, जवळ आला की सोडायची. वहिनीची दुसरी ओळ अशी वाद्यात आली. चौथीही आली.

पहिली उलटीकडून सापडली. मी विचारलं, "वहिनी, तुमी कोठून उचला?"

"ते जिथी सोडे तिथून. पानी पडू देल्यासारखं, खाली भांडं धराचं."

म्हणजे पहिलीचा शेवट म्हणजे दुसरीचा आरंभ. तो कळला. पहिलीचा आरंभ मला अंगणातून ऐकलेला आठवत होता. मधलं अंतर दोन-तीन दिवस ओढून-सोडून भरलं. एका सकाळी वाजवलं तर झुंबरवहिनी दळता दळता थांबलीच नाही, सरळ दुसरी ओळ उचलली. मग खुंटा सोडून तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, "तेच हाय. भाऊजी, मेली तरी माह्या आधीच म्हनते."

तिसरी ओळ मात्र आली नाही. तिचा शेवट माहीत होता, कारण तिथून वहिनी चौथी उचलायची. पण बाकी काही नाही. अंगणात ती कधीच ऐकू आली नव्हती. झुंबरवहिनी म्हणाली, "त्या टायमाले ते मूठ घाले जात्यात. मान खाली, तोंड दाण्याइकडे. आवाज पोटात ठेवे. मले शेवटचं तेवढं समजे."

"दर वेळी तिथंच मूठ घाले?"

"दर वेळी. तिथंच."

मी बांधून पाहिली. एक बांधली, वहिनी म्हणाली, "हे तुमचं हाय." दुसरी बांधली. "यात बैल हायेत." तिसरी मला फार आवडली, शेषरावही म्हणाला लावून टाक, कोणाला कळणार आहे? मीही मनात ठरवलं होतं लावायचं. वाजवून दाखवली. झुंबरवहिनी म्हणाली, "चांगली हाय. तिच्यापेक्षा चांगली हाय. पन भाऊजी, पोरीले मायची पाह्यजे, तुमची नाई." ती चाल शेषरावाने एका भजनाला लावली. अजून म्हणतात.

असं करता करता वैशाख आला. हळदीच्या आदल्या दिवशी मी अन्नपूर्णाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तीन ओळी तिच्या आईच्या आहेत, एक नाही. खोटी लावली तर गोड लागेल, पण ती माझी असेल. आता तूच सांग.

ती जरा वेळ वाद्याची तात बोटाने दाबत बसली. "कोनती नाई?"

"लेकीच्या हळदीले."

"तेच नाई?"

"तेच नाई."

"मंग ते ओळ म्हनाचीच नाई चालीवर," ती म्हणाली. "नुसती बोलाची. आई बोलत होती तशी."

हळदीच्या दिवशी जात्याला आंब्याची पानं बांधली, हळकुंडं घातली. झुंबरवहिनी एका बाजूला बसली, समोर माझी थोरली लेक. मी बाजूला शेळी घेऊन. पाहुण्यांच्या बायकांनी ते काय आहे म्हणून विचारलं तर रुखमाबाईने सांगितलं, "आमच्या भावाचं जनावर हाय. चावत नाई."

पहिली ओळ थोरलीने उचलली, मी मूठ ओढत तिच्या मागे. दुसरी झुंबरवहिनीने. आता तिसरी आली. माझी मूठ सैल सुटली, जात्याची घरघर तेवढी राहिली आणि पाटावरून अन्नपूर्णा मोठ्याने बोलली, "लेकीच्या हळदीले," जसं कोणी कुंपणावरून शेजारणीला निरोप सांगतं. बायका हसल्या आणि झुंबरवहिनीने त्या हसण्यातूनच चौथी उचलली, "कोनाले बलावनं धाडू." पुढच्या फेरीला तिसरी ओळ सगळ्याच बायका बोलल्या. त्याच्या पुढच्या फेरीला पाहुण्यांकडच्याही. एकीने तर ती एवढ्या जोरात सांगितली, की दारातला शेषराव म्हणाला, "आलो बाई, आलो, मले बलावनं भेटलं." हळद दळून झाली तरी बायका उठेनात. अन्नपूर्णाला हळद लागली, अगदी कानाच्या पाळीपर्यंत, आणि ती रडली ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना, आधी नाही.

आता ती साखरखेर्ड्याला आहे. तिकडच्या बायकांनाही तिने ओवी शिकवली, आणि तिसरी ओळ तिकडेही बोलतातच. तिच्या नणंदेला वाटतं, ती तशीच आहे.

झुंबरवहिनीच्या दोडक्याचं बी चांगलं निघालं. ती अजून अधूनमधून दळायला येते. मी काखेत वाद्य धरून बसतो. समोर आता कोणीही बसतं, कधी मीच. तिसऱ्या ओळीपाशी मूठभर ज्वारी जात्यात घालायची, मान खाली करायची आणि जे येईल ते येऊ द्यायचं, असं मी करून पाहतो. पुष्कळ चाली आल्या. सगळ्या माझ्या होत्या. तिची तिसरी ओळ अजून लागलेली नाही.